आकड्याला मापाचं नाव हवं



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, म्हणून आज मी शाळेतलाच एक विषय निवडला आहे. फूट आणि इंच, एकर आणि गुंठे, पौंड आणि औंस या जुन्या मापांचं एकमेकांत रूपांतर कसं करायचं, आणि त्यासाठी प्रमाण, म्हणजे आपलं त्रैराशिक, कसं वापरायचं, हा तो विषय. आपण सगळ्यांनी हा धडा कधीतरी वाचला, परीक्षेत त्याची गणितं सोडवली आणि पुढच्या वर्गात गेलो. पण तो धडा आपल्याला समजला होता का? की फक्त कोष्टक पाठ होतं?

कुणी विचारील, आता ही मापं कशाला? देशाने १९५६ साली कायदा करून दशमान मापं स्वीकारली. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो आणि मीटरचा व्यवहार टप्प्याटप्प्याने लागू होत गेला. हे सगळं खरं आहे आणि योग्यही आहे. पण आज सुतार फळी कशात मापतो? इंचात आणि सुतात. वाळू कशात विकत घेतली जाते? ब्रासमध्ये. गावात जमिनीचा व्यवहार बोलला जातो तो गुंठ्यात, आणि फ्लॅटचा भाव सांगितला जातो तो चौरस फुटावर. कायदा बदलला, कागद बदलले, पण तोंडातली मापं राहिली. म्हणजेच दोन मापांच्या मधे उभं राहून हिशेब करण्याची वेळ आपल्यावर रोज येते. जो हा हिशेब स्वतः करू शकत नाही, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. म्हणून हा विषय केवळ शाळेचा नाही, नागरिकाचा आहे.

तीन मुद्दे मांडणार आहे. पहिला, त्रैराशिक नेमकं काय सांगतं. दुसरा, या जुन्या मापांच्या विचित्र वाटणाऱ्या आकड्यांमागे कोणती रचना आहे. आणि तिसरा, माणसं चुकतात ती कुठे.

पहिला मुद्दा त्रैराशिकाचा. तीन राशी माहीत आहेत, चौथी काढायची आहे, एवढंच त्रैराशिक. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास हा नियम दिला. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धांतात तो आणखी नेमका मांडला. त्या तीन राशींना नावं आहेत : प्रमाण, फल आणि इच्छा. इच्छेला फलाने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. पण नियमाचा प्राण या गुणाकार-भागाकारात नाही. तो त्याच्याआधी घातलेल्या अटीत आहे. अट अशी, की प्रमाण आणि इच्छा या दोन राशी एकाच जातीच्या असल्या पाहिजेत. फुटासमोर फूटच हवा. पौंडासमोर पौंडच हवा. ही अट पाळली, की पुढचं गणित चुकणं अवघड आहे. ही अट मोडली, की पुढचं गणित कितीही बिनचूक केलं तरी व्यर्थ आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. दरवाजाची उंची पावणेसात फूट आहे, ती इंचात हवी. एका फुटाचे बारा इंच. इथे एक फूट हे प्रमाण, बारा इंच हे फल आणि पावणेसात फूट ही इच्छा. पावणेसात गुणिले बारा, एक्क्याऐंशी इंच. सुताराला हेच सुतात हवं असेल, तर एका इंचाची आठ सुतं, म्हणून एक्क्याऐंशी इंचांची ६४८ सुतं. आता उलट जाऊ. ८१ इंचांचे फूट किती? बारा इंच प्रमाण, एक फूट फल, ८१ इंच इच्छा. ८१ भागिले १२, पुन्हा पावणेसात.

मुलं कुठे अडतात? ‘सर, इथे गुणायचं की भागायचं?’ या प्रश्नावर. तुम्ही शिक्षक असाल, तर हा प्रश्न तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. आणि आपण काय उत्तर देतो? मोठ्यातून लहानात जाताना गुणा, लहानातून मोठ्यात जाताना भागा. मूल ते पाठ करतं आणि परीक्षेत नेमकं उलटं करतं. याऐवजी मुलाला आकड्याजवळ मापाचं नाव लिहायला लावा. वर ‘इंच’, खाली ‘इंच’, दोन्ही कटले आणि उरला ‘फूट’. मग गुणायचं की भागायचं हे नावंच ठरवतात. उत्तरात ‘इंचाचा वर्ग भागिले फूट’ असलं काही उरलं, तर मांडणी उलटी झाली हे मुलाला स्वतःलाच दिसतं. शिक्षकाने लाल पेन उचलण्याआधीच ते दिसतं. त्रैराशिकाचं हे मोठं सामर्थ्य आहे, की ते आपली चूक आपल्याला दाखवतं.

या नियमाची दुसरी बाजू भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. हा ग्रंथ ११५० सालचा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे हे गणित शिकवण्याची व्यवस्था आपल्याच खानदेशात, आठशे वर्षांपूर्वी होती. लीलावतीची सुरुवातच मापांच्या कोष्टकांनी होते. आठ यवांचं अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. आधी मापांची नाती, मग गणित, असा तो क्रम आहे. आणि पुढे भास्कराचार्य सांगतात, की जसं हे विश्व हरीने व्यापलेलं आहे, तसं हे सगळं गणित त्रैराशिकाने व्यापलेलं आहे. विचार करा, एवढ्या मोठ्या गणितज्ञाने ही उपमा एखाद्या दुर्बोध सिद्धांताला दिली नाही. ती त्याने त्रैराशिकाला दिली.

त्याच ग्रंथात व्यस्त त्रैराशिक आहे. तिथे एक उदाहरण येतं. धान्याची एक रास सात आढकांच्या मापाने मोजली, तर शंभर मापं भरली. तीच रास पाच आढकांच्या मापाने मोजली, तर किती मापं भरतील? रास तीच आहे. माप लहान झालं. मग आकडा वाढला पाहिजे. शंभर गुणिले सात, भागिले पाच. उत्तर १४०. मापांच्या रूपांतराचं सगळं मर्म या एका राशीत आहे. धान्याचा एक दाणाही कमीजास्त झालेला नाही. माप बदललं, म्हणून आकडा बदलला. माप मोठं, तर आकडा लहान. माप लहान, तर आकडा मोठा. रूपांतर करण्याआधी हा एक प्रश्न स्वतःला विचारायचा : उत्तर मोठं यायला हवं की लहान? ज्याला याचं उत्तर आधी ठाऊक आहे, त्याची फसगत होत नाही.

आता दुसरा मुद्दा. ही मापं इतकी विचित्र का? बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड, ५,२८० फुटांचा मैल, ४३,५६० चौरस फुटांचा एकर. हे आकडे कुणी मनाला येईल तसे ठरवले का? तसं नाही.

एकर कुठून आला ते पाहा. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली मोजणीची साखळी तयार केली. लांबी ६६ फूट, शंभर कड्या. अशा दहा साखळ्या म्हणजे एक फर्लांग, ६६० फूट. आठ फर्लांगांचा मैल. आठ गुणिले ६६०, म्हणजे ५,२८०. मैलाचा तो अडचणीचा आकडा इथून येतो. आणि एक फर्लांग लांब व एक साखळी रुंद असा शेताचा पट्टा म्हणजे एकर. बैलांच्या जोडीने दिवसभरात नांगरून होणारी जमीन, ही त्यामागची जुनी कल्पना. ६६० गुणिले ६६, बरोबर ४३,५६०.

आता हीच साखळी आपल्या ओळखीच्या जागी दाखवतो. क्रिकेटची खेळपट्टी किती लांब? बावीस यार्ड. बावीस त्रिक सहासष्ट. म्हणजे खेळपट्टीची लांबी हीच गंटरची एक साखळी. आणि तिची निम्मी लांबी ३३ फूट. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. १,०८९ चौरस फूट. खेळपट्टीच्या लांबीएवढी बाजू घेऊन चौरस आखला, तर त्यात बरोबर चार गुंठे बसतात. असे दहा चौरस घेतले, की चाळीस गुंठे. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. ज्याने क्रिकेट पाहिलं आहे, त्याने एकर पाहिलेला आहे.

गुंठ्याचे सोळा आणे, एकराचे चाळीस गुंठे, फुटाचे बारा इंच, पौंडाचे सोळा औंस. बाराचे निम्मे, तिसरा हिस्सा, पाव हिस्सा सरळ निघतात. सोळा तर निम्मे करत एकापर्यंत नेता येतात. ही मापं वाटणी करणाऱ्या माणसाची आहेत. आपल्याकडच्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे होते. ज्याला ते येत होते, तो सत्तावीस इंच ऐकल्याबरोबर सव्वादोन फूट म्हणत असे. ते पाढे मागे पडले याची मला खंत वाटते. पाव, पाऊण, सव्वा हे शब्द आपण अजून रोज वापरतो, मग त्यांचं गणित का सोडलं?

एका त्रैराशिकावरून दुसऱ्यावर कसं जायचं, तेही पाहू. वेगवान गोलंदाज ताशी ९० मैलांनी चेंडू टाकतो. म्हणजे सेकंदाला किती फूट? एका मैलाचे ५,२८० फूट, म्हणून तासाला ४,७५,२०० फूट. एका तासाचे ३,६०० सेकंद, म्हणून सेकंदाला १३२ फूट. आता १३२ हा ६६ च्या दुप्पट. हवेचा रोध आणि टप्प्यानंतर घटणारा वेग बाजूला ठेवला, तर खेळपट्टीएवढं अंतर तो चेंडू अर्ध्या सेकंदात कापतो. आधी मैलाचा फूट केला, मग तासाचा सेकंद केला. प्रत्येक पायरीवर एक नाव कटलं आणि एक नवं नाव आलं. कितीही लांबचं रूपांतर असलं, तरी ते अशाच लहान पायऱ्यांनी होतं. सगळी कोष्टकं पाठ असण्याची गरज नाही. शेजारशेजारच्या मापांची नाती ठाऊक असली, की पुरे.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : माणसं चुकतात कुठे?

पहिली चूक क्षेत्रफळ आणि घनफळाची. तीन फुटांचा एक यार्ड, मग एका चौरस यार्डाचे किती चौरस फूट? तीन म्हणणारे पुष्कळ भेटतात. उत्तर नऊ आहे. आणि घन यार्डाचे घनफूट सत्तावीस. चौरस फुटात १४४ चौरस इंच, घनफुटात १,७२८ घन इंच. लांबीचं नातं क्षेत्रफळाला दोनदा लागतं आणि घनफळाला तीनदा. वाळूचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, पाच फूट रुंद हौद्यात वाळू दोन फूट भरली, तर एक ब्रास. दीड फूट भरली, तर ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. उंची इंचात सांगितली गेली, अठरा इंच, तर आधी तिचे फूट करा, मग गुणा. आणि मधला अर्धा फूट म्हणजे पाव ब्रास, हेही लक्षात ठेवा. घर बांधणाऱ्या माणसाच्या खिशाला तो जाणवतो.

दुसरी चूक एकाच नावाच्या दोन मापांची. ब्रिटिश पार्लमेंटने १८२४ साली कायदा करून ‘इंपीरियल’ मापं ठरवली. त्यात गॅलन ठरला तो दहा पौंड पाण्यावरून. अमेरिकेने मात्र जुना २३१ घन इंचांचा गॅलन ठेवला. म्हणून ब्रिटिश गॅलन साधारण ४.५५ लीटर आणि अमेरिकी गॅलन साधारण ३.७९ लीटर. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, अमेरिकी २,००० पौंडांचा. आपल्याकडचा जुना मण घ्या. बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा जास्त आणि मुंबईचा मण २८ पौंडांचा. नाव एक, वजनात जवळपास तिपटीचा फरक.

सोन्याचं उदाहरण तर प्रत्येक घराचं आहे. जगाच्या बाजारात सोन्याचा भाव ट्रॉय औंसावर निघतो. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं एक लहान माप), साधा औंस साडेचारशे ग्रेनहूनही कमी, ४३७.५ ग्रेनचा. पण ट्रॉय पौंडात बाराच औंस, म्हणून तो ५,७६० ग्रेनचा आणि साधा पौंड ७,००० ग्रेनचा. औंस जड, पौंड हलका. आणि आपला तोळा? १८३३ साली कंपनी सरकारने बंगाल प्रांतात तो १८० ग्रेनचा ठरवला आणि पुढे तेच माप रूढ झालं. आता त्रैराशिक मांडा. तीन ट्रॉय औंस म्हणजे १,४४० ग्रेन. त्याला १८० ने भागलं, की आठ. तीन औंसांचे बरोबर आठ तोळे. पण हा तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज दुकानात तोळा म्हणतात तेव्हा बहुधा दहा ग्रॅम समजले जातात. आजीच्या काळात घडवलेली पाच तोळ्यांची पाटली आणि आज घेतलेले पाच तोळे यांत आठ ग्रॅमहून अधिक सोन्याचा फरक असू शकतो. हा कुणाच्या लबाडीचा प्रश्न नाही. आकडा तोच राहिला आणि मागचं माप बदललं, एवढंच.

तिसरी चूक सर्वांत भयंकर : मापाचं नावच हरवणं. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून एडमंटनला निघालं. कॅनडात तेव्हा पौंड सोडून किलो स्वीकारणं चालू होतं. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाक्यांत ७,६८२ लीटर होतं. लीटरचं वजन काढायला १.७७ हा आकडा वापरला गेला. ७,६८२ गुणिले १.७७, साधारण १३,५९७. ते २२,३०० मधून वजा केले आणि उरलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ ने भागून ४,९१६ लीटर इंधन भरलं. गुणाकार बरोबर होता. वजाबाकी बरोबर होती. भागाकारही बरोबर होता. मग चुकलं काय? १.७७ हे एका लीटरचे पौंड होते. किलो ०.८०३ होते. किलोमधून पौंड वजा झाले. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची असावी, ही ब्रह्मगुप्ताची अट मोडली होती. खरी गरज होती वीस हजारांहून अधिक लीटरची. वाटेत आकाशातच दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांनी ते विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ माणसं वाचली, ती वैमानिकांच्या कौशल्यामुळे. ज्या कागदावर तो हिशेब झाला, त्यावर १.७७ पुढे ‘पौंड’ एवढं लिहून पाहिलं असतं, तर विमान जमिनीवरच थांबलं असतं. पुढे मंगळाकडे गेलेलं अमेरिकेचं यानही १९९९ साली असंच गमावलं गेलं. एका बाजूचे आकडे पौंडांत, दुसऱ्या बाजूने ते न्यूटनमध्ये समजले.

आता आपल्या सातबाऱ्याकडे या. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असतं. बोलणं गुंठ्यात होतं. आणि सर्रास म्हटलं जातं, एक गुंठा म्हणजे एक आर. आर म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. फरक क्षुल्लक वाटतो. पण एका एकराचे चाळीस आर धरले, तर जवळपास ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांहून अधिक जागा हिशेबातून नाहीशी होते. शहराच्या कडेला तेवढ्या जागेत एक कुटुंब राहतं. भावाभावांत बांधावरून वर्षानुवर्षं दावे चालतात. तिथे मोजणीआधी निदान हिशेब तरी एका मापात मांडलेला असावा, ही अपेक्षा फार मोठी आहे का?

आता समारोप. तीन गोष्टी सांगितल्या. त्रैराशिकाचा प्राण सजातीयतेत आहे : मापासमोर तेच माप. जुन्या मापांचे आकडे एका साखळीत गुंफलेले आहेत आणि शेजारची नाती ठाऊक असली, की दूरचं उत्तर काढता येतं. आणि चुका तीन ठिकाणी होतात : चौरस-घन करताना, एका नावाची दोन मापं मिसळताना आणि आकड्यामागचं नाव गाळताना.

शेवटी दोन विनंत्या. शिक्षकांनो, ज्या उत्तरापुढे मापाचं नाव नाही, त्याला पूर्ण गुण देऊ नका. त्यात कठोरपणा नाही, मुलाचं हित आहे. आणि पालकांनो, नागरिकांनो, जमीन, सोनं, वाळू किंवा घर घेताना सही करण्याआधी एक त्रैराशिक स्वतःच्या हाताने मांडा. कागद घ्या, प्रत्येक आकड्यापुढे माप लिहा, उत्तर मोठं हवं की लहान ते आधी ठरवा आणि मगच हिशेब करा. पाच मिनिटं लागतात. ती द्या.